सहा महिने म्हणजे किती महिने?

'डॉक्टर, खेळायला कधी सुरुवात करू?' हा प्रश्न लिगामेंटच्या ऑपरेशनआधीच विचारला जातो, पुष्कळदा एमआरआयचं पाकीट टेबलावर ठेवता ठेवताच. डॉक्टर सांगतात, 'सहा ते नऊ महिने, आणि तेही चाचण्या बघून.' एवढ्या वाक्यातला एकच शब्द पेशंटच्या कानात शिरतो: सहा. 'ते नऊ' हे शब्द दवाखान्याच्या पायरीवर गळतात, 'चाचण्या बघून' तर केबिनच्या बाहेरही पडत नाहीत. घरी पोचेपर्यंत सहाचे 'पाच-सहा' झालेले असतात, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'चार-पाच' होतात, आणि ज्या संघाला या गृहस्थांच्या ऑफस्पिनची नितांत गरज आहे (असं संघाचं नव्हे, गृहस्थांचं मत) त्याच्या कॅप्टनला 'फेब्रुवारीत नक्की' असा शब्दही दिला जातो. कारण फेब्रुवारीत आमदार चषक असतो. हाडं, स्नायू आणि लिगामेंट यांचं वेळापत्रक स्थानिक आमदारांच्या सोयीनं ठरतं, हा शोध वैद्यकशास्त्राला अजून लागायचा आहे. तो लागेपर्यंत माझं म्हणणं असं की, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मैदानात परतण्याचा निर्णय तारखेवर सोडू नये. तो परीक्षा घेऊन करावा. ही परीक्षा अवघड नाही, महाग नाही आणि तिचा पेपरही आधीच फुटलेला आहे. तरीही तिला बसायला कुणी तयार नसतं.

एसीएल या नावानं ओळखलं जाणारं हे लिगामेंट गुडघ्याच्या मधोमध तिरपं असतं. नडगीचं हाड पुढे सरकू न देणं आणि पाय रोवून अंग वळवताना गुडघा सांभाळणं, ही त्याची कामं. सरळ रस्त्यानं चालताना किंवा सायकल मारताना त्याच्यावर फारसा भार नसतो. म्हणूनच ते तुटलेली पुष्कळ माणसं रोजचं आयुष्य बऱ्यापैकी काढतात आणि एखाद्या दिवशी रिक्षा चुकवायला झटकन वळली की गुडघा दगा देतो. मैदानावर मात्र त्याला उसंत नाही: कबड्डीत चढाई करून मध्यरेषेकडे वळताना, खो-खोत खांबापाशी दिशा बदलताना, बॅडमिंटनमध्ये उडी मारून एका पायावर उतरताना, फुटबॉलमध्ये धावता धावता थांबताना. आणि गंमत म्हणजे ते तुटतं तेव्हा बहुतेक वेळा जवळपास कुणी नसतं. बहुसंख्य दुखापती प्रतिस्पर्ध्याचा थेट आघात न होता होतात. पाय जमिनीत राहतो, अंग वळतं, आतून 'टक' असं काहीतरी होतं आणि माणूस खाली बसतो. हे सत्य पुरुषार्थाला मानवत नाही. मग हकिगत सांगताना समोर एक प्रतिस्पर्धी उभा करावा लागतो. तो पहिल्या आठवड्यात सत्तर किलोचा असतो, टाके निघेपर्यंत शंभरी गाठतो. यात करमणूक आहे, पण तोटाही आहे. कुणी हात न लावता गुडघा गेला असेल, तर त्याचं कारण बऱ्याचदा स्नायूंच्या ताकदीत आणि आपल्या उतरण्या-वळण्याच्या पद्धतीत सापडतं, आणि ते न सुधारलं तर त्याच कारणानं तो दुसऱ्यांदाही जातो. ज्याला शंभर किलोच्या माणसानं पाडलं, त्याला स्वतःची पद्धत तपासायची गरजच वाटत नाही.

ऑपरेशन दुर्बिणीतून होतं. पेशंटच्याच मांडीच्या मागचा किंवा वाटीखालचा स्नायुरज्जू घेऊन, हाडांत बोगदे पाडून, तो जुन्या लिगामेंटच्या जागी बसवतात. बाहेर राहतात त्या दोन-तीन छिद्रांच्या खुणा आणि एक छोटी चीर, आणि निम्मा घोटाळा या खुणांच्या लहानपणामुळे होतो. वीतभर व्रण असता तर माणसानं स्वतःच्या गुडघ्याला थोडा मान दिला असता. आत काय चालतं ते बघा. बसवला त्या दिवशी हा नवा रज्जू चांगला दणकट असतो. चारपदरी केलेला मांडीचा रज्जू प्रयोगशाळेत ताणून पाहिला, तर तो मूळ लिगामेंटपेक्षा जास्त ओढ सोसतो. पण शरीरात त्याला सुरुवातीला रक्तपुरवठा नसतो. पहिल्या काही आठवड्यांत त्यातल्या पेशी मरतात, मग रक्तवाहिन्या आत शिरतात, नव्या पेशी येतात आणि जुने तंतू मोडून नवे विणले जातात. या उलथापालथीत तो दुबळा होतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून असं दिसतं की साधारण दीड ते तीन महिन्यांच्या सुमारास तो सगळ्यात कच्चा असतो, आणि त्याचं खऱ्या लिगामेंटसारखं काहीतरी व्हायला वर्ष किंवा त्याहूनही जास्त काळ जातो. आता हेच दीड ते तीन महिने पेशंटच्या बाजूनं बघा. सूज उतरलेली, कुबड्या माळ्यावर गेलेल्या, स्कूटर सुरू झालेली, ऑफिसात लिफ्टऐवजी जिना चढून दाखवलेला. म्हणजे आतला रज्जू सगळ्यात नाजूक अवस्थेत असताना बाहेरचा माणूस सगळ्यात खुशीत असतो. 'आता काहीच वाटत नाही' असं तो सांगतो ते खरंही असतं. वाटत नाही, हीच अडचण आहे.

त्यात आपल्या एका सामाजिक सवयीची भर पडते. आपल्याकडे ऑपरेशन हा समारंभ असतो. पाहुणे येतात, शहाळी येतात, सफरचंदं इतकी येतात की शेवटी ती पाहुण्यांनाच कापून द्यावी लागतात. मेडिक्लेमची मंजुरी किती वाजता आली, आत बसवलेला स्क्रू कुठल्या धातूचा आणि कितीचा, भूल कंबरेतून की पूर्ण, हे सगळं प्रत्येक पाहुण्याला पहिल्यापासून सांगितलं जातं. पण सहाव्या आठवड्यात तोच माणूस गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दहापर्यंत मोजत मांडी आवळत असतो, तेव्हा त्याला बघायला कुणी येत नाही. दहाच्या तिसऱ्या फेरीसाठी शहाळं घेऊन आलेला नातेवाईक अजून जन्माला यायचा आहे. विमा कंपनी रुग्णालयाचं बिल भरते. त्यापुढच्या कित्येक महिन्यांच्या फिजिओथेरपीचा खर्च बहुधा आपल्याच खिशातून जातो, त्यामुळे ती ऐच्छिक वाटू लागते. फिजिओनं दिलेला, काडीच्या माणसांची चित्रं असलेला झेरॉक्सचा कागद फ्रिजवर लावला जातो आणि महिनाभरात त्यावर दूधवाल्याचा हिशेब येतो. इकडे मांडीचा पुढचा स्नायू काही आठवड्यांतच लक्षणीय सुकलेला असतो, आणि तो परत मिळवायला महिने लागतात. सर्जन लिगामेंट बसवतो. स्नायू बसवता येत नाही, तो मिळवावा लागतो. पण 'कुणाकडून ऑपरेशन करून घेतलं?' असं विचारणारे शंभर भेटतात, 'फिजिओ कोण?' असं विचारणारा एखादाच, आणि तोही बहुधा स्वतः फिजिओ असतो.

हे नुसतं सावध माणसाचं भित्रेपण आहे असं कुणी म्हणेल, म्हणून आकडे बघू. अमेरिकेतल्या डेलावेअर आणि नॉर्वेतल्या ऑस्लो इथल्या संशोधकांनी हे ऑपरेशन झालेल्या १०६ जणांचा दोन वर्षं पाठपुरावा केला आणि २०१६ साली निष्कर्ष छापले. पाय रोवून वळावं लागणाऱ्या खेळांत परतणं त्यांनी नऊ महिन्यांपर्यंत जितकं लांबवलं, तितका प्रत्येक महिन्यामागे गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका सुमारे ५१ टक्क्यांनी कमी झाला. परतण्याआधीच्या चाचण्यांत उत्तीर्ण झालेल्यांपैकी ५.६ टक्क्यांना पुन्हा दुखापत झाली. नापास होऊनही उतरलेल्यांपैकी ३८.२ टक्क्यांना. त्याच वर्षी कतारच्या ॲस्पेटार रुग्णालयातून १५८ व्यावसायिक पुरुष खेळाडूंचा अभ्यास आला: ठरवलेले सहाही निकष पूर्ण न करता परतलेल्यांत नवं लिगामेंट तुटण्याचा धोका सुमारे चौपट. २०२० साली स्वीडनमधल्या तरुण खेळाडूंच्या अभ्यासात, नऊ महिन्यांच्या आत परतलेल्यांत नव्या दुखापतीचं प्रमाण थांबलेल्यांच्या सुमारे सातपट निघालं. १०६ हा काही फार मोठा आकडा नाही, आणि असल्या अभ्यासांत घाई करणारा माणूस मुळातच धसमुसळा असू शकतो, हा आक्षेप मला मान्य आहे. पण वेगवेगळ्या देशांतले, वेगवेगळ्या खेळांतले लोक मोजून एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तर आपल्या बाजूनं पुरावा म्हणून फक्त 'आमच्या ऑफिसातल्या एकाचा भाचा चार महिन्यांत खेळायला लागला' एवढाच असणं जरा कमी पडतं. (या भाच्याचं पुढे काय झालं हे कुणी सांगत नाही. भाचे नेहमी चौथ्या महिन्यातच थांबलेले असतात.) आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. त्या पहिल्या अभ्यासात नऊ महिन्यांनंतर आणखी लांबवून जास्तीचा फायदा दिसला नाही. म्हणजे नुसतं थांबणं हे काही पुण्यकर्म नाही. नऊ महिने सोफ्यावर काढलेला गुडघा नऊ महिन्यांनी सोफ्यालाच लायक असतो.

मग परीक्षा कसली? पहिला पेपर ताकदीचा. ऑपरेशन झालेल्या पायाच्या मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के हवी. दुसरा पेपर उड्यांचा: एका पायावर एक लांब उडी, मग सलग तीन, मग रेषेच्या या बाजूला-त्या बाजूला अशा तीन, आणि शेवटी घड्याळ लावून एका पायावर सहा मीटर. इथेही ९०. तिसरा पेपर सुवाच्यतेचा म्हणता येईल: उडी किती लांब गेली यापेक्षा उतरताना गुडघा आत कोसळतो का, हे पाहतात. चौथा मनाचा. मेलबर्नच्या संशोधकांनी २००८ साली १२ प्रश्नांची एक प्रश्नावली मांडली, तिच्यात भीती किती वाटते, गुडघ्यावर भरवसा किती आहे, खेळताना सतत त्याच्याकडे लक्ष जातं का, असं विचारतात. वास्तविक ज्या समाजात ८९ टक्के मिळाले की घरात दोन दिवस सुतक पाळलं जातं, तिथे ९० ची अट कुणाला जड वाटू नये. साडेतीन वर्षांच्या मुलाची बालवाडीसाठी मुलाखत घेणारे, चौथीपासून स्कॉलरशिपचे क्लास लावणारे, एमपीएससीसाठी दहा वर्षं पुण्यात खोली करून राहणारे आपण लोक. पण गुडघ्याचा विषय निघाला की एकदम उदार होतो आणि ३५ ला पास करून मोकळे होतो. त्यातही कॉपीची सोय आहे. तुलना आपल्याच दुसऱ्या पायाशी असते, आणि सहा महिने बसून तोही कच्चा झालेला असतो. दोन्ही पाय सारखेच लुळे असले तरी गुणपत्रिकेवर शंभरपैकी शंभर येतात. शहाणे फिजिओ म्हणूनच दुसऱ्या पायालाही पहिल्यापासून कामाला लावतात, आणि शक्य असेल तर त्याची ताकद ऑपरेशनआधीच मोजून ठेवतात.

आता सगळ्यात आवडता आक्षेप: मोठे खेळाडू बघा की, कसे झटपट परततात! आणि हे खोटं नाही. कुस्तीपटू विनेश फोगाटच्या गुडघ्याचं ऑपरेशन ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत झालं, फेब्रुवारी २०२४ मध्ये तिनं जयपूरला राष्ट्रीय सुवर्णपदक जिंकलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये जपानच्या जगज्जेत्या युई सुसाकीला हरवलं. सहा महिनेवाल्यांना याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही. फक्त विनेशचा पूर्णवेळ व्यवसाय तो गुडघा बरा करणं हा होता, आणि आपल्या ऑफस्पिनरचा पूर्णवेळ व्यवसाय कर्जवसुली विभागात आहे. तिच्या दिवसातल्या व्यायामाच्या तासांत याचा अख्खा आठवडा बसतो. दुसरी साक्षीदार बॅडमिंटनपटू कॅरोलिना मरीन, रिओच्या अंतिम सामन्यात आपल्या सिंधूला हरवणारी. जानेवारी २०१९ मध्ये इंडोनेशियात सायना नेहवालविरुद्धच्या अंतिम सामन्यात आघाडीवर असताना तिचा उजवा गुडघा गेला. आठ महिन्यांच्या आत परत येऊन तिनं सप्टेंबरमध्ये चायना ओपन जिंकली, जगानं टाळ्या वाजवल्या, आपणही वाजवल्या. २०२१ मध्ये डावा गुडघा गेला आणि टोकियो हुकलं. २०२४ मध्ये पॅरिसच्या उपांत्य सामन्यात, पुन्हा आघाडीवर असताना, उजवा परत गेला. लवकर परतली म्हणून असं झालं असं कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही; तीन दुखापतींत पाच वर्षं गेली आणि मधे डावा पायही येऊन गेला. पण झटपट परतण्याचं उदाहरण म्हणून तिचं नाव घेणाऱ्यानं गोष्ट २०१९ मध्ये थांबवू नये, इतकंच. दुसऱ्या पायाचा मुद्दाही साधा नाही. अनेक अभ्यास एकत्र करून २०१६ साली आकडेवारी मांडली गेली तेव्हा, पुन्हा एसीएल तुटलेल्यांत ऑपरेशनच्या गुडघ्याइतकाच, किंबहुना किंचित जास्त वाटा दुसऱ्या गुडघ्याचा निघाला. आणि पंचविशीच्या आतले जे खेळाडू खेळात परतले, त्यांच्यात जवळपास चारांतल्या एकाला हा प्रसंग पुन्हा आला. ज्या गुडघ्याची कुणी चौकशीही केली नव्हती, त्यानंही असा हिशेब चुकता केला.

उलट, घाई न करणाऱ्या ताऱ्यांची उदाहरणं मात्र कुणाला आठवत नाहीत. ऋषभ पंतचा अपघात ३० डिसेंबर २०२२ चा. मुंबईत गुडघ्याची लिगामेंट दुरुस्त झाली आणि तो पुन्हा सामन्यात दिसला २३ मार्च २०२४ ला. क्रिकेट मंडळाचा पैसा, बंगळुरूच्या अकादमीतली यंत्रं, पंचविशीतलं शरीर आणि डोक्यावर दुसरं कसलंही काम नाही, एवढं सगळं असून जवळपास पंधरा महिने. रवींद्र जडेजाचं गुडघ्याचं ऑपरेशन सप्टेंबर २०२२ मध्ये झालं. फेब्रुवारीत नागपूरच्या जामठ्याला त्यानं ऑस्ट्रेलियाचे पाच गडी टिपले ते सगळ्यांच्या लक्षात आहे. पण त्याआधी जानेवारीत त्याला चेन्नईला रणजीचा सामना खेळायला लावला होता, ओव्हरमागून ओव्हर टाकून बघायला लावल्या होत्या. आपल्याकडचा वीर थेट फायनलला परततो. सरावाला 'वेळ मिळाला नाही' आणि फायनलला 'कसं नाही म्हणू?'

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि त्याची थट्टा करता येत नाही. ही सगळी थेरं मुंबई-पुण्याच्या पैसेवाल्यांची. जालन्याच्या किंवा इस्लामपूरच्या कबड्डीपटूनं काय करायचं? त्याच्यासाठी मोसम हा हौसेचा विषय नसतो. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पोलिस-रेल्वे-बँकांचे संघ आहेत, २०१४ पासून प्रो कबड्डीचं स्वप्न आहे, आणि वय एकोणीस. एक वर्ष हुकणं म्हणजे त्याच्या लेखी आयुष्य हुकणं. त्याची घाई मला समजते. पण आकडे सगळ्यात कठोर आहेत ते त्याच्याच वयाला, आणि दुसऱ्यांदा तुटलं तर एक नव्हे, आणखी दोन वर्षं जातात. मांडीची ताकद मोजायचं महागडं यंत्र त्याच्या तालुक्यात नसेल. पण जिममध्ये एका पायानं किती वजन उचललं जातं ते दोन्ही पायांचं लिहून ठेवता येतं. उड्यांच्या पेपरला लागते ती मोजपट्टी, खडू आणि शेजारी उभा राहिलेला जाणता फिजिओ. उतरताना गुडघा आत वळतो का हे बघायला मोबाइलचा कॅमेरा पुरतो, आणि मोबाइल नाही असा कबड्डीपटू आता कुठे आहे? खरी उणीव असते ती मंडळाच्या कार्यकर्त्यांत. करंडक किती फुटी आणायचा यावर तीन बैठका होतात, पण खेळाडू खेळायला फिट आहे का हे विचारायची जबाबदारी कुणाकडेच नसते. मुलींची गोष्ट तर याहून वाईट. सारख्याच खेळात मुलींचं हे लिगामेंट तुटण्याचा धोका मुलांपेक्षा दोन-तीन पटींनी जास्त असल्याचं अभ्यास वारंवार सांगतात. पण मुलीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं की घरात 'परत कधी खेळणार' हा प्रश्नच निघत नाही. 'आता झालं तेवढं पुरे' असं म्हणून विषय मिटतो, आणि खो-खोचा एक चांगला धावपटू कायमचा बाहेर बसतो. घाई हा मुलांचा आजार आणि बंदी हा मुलींचा. परीक्षा दोघांचीही घेतली जात नाही.

इथून तिसरा आक्षेप येतो, तो बहुधा आतेबाई किंवा मावशींकडून: या वयात खेळायचंच कशाला? हा सल्ला प्रेमाचा असतो, पण बरोबर नसतो. बिनखेळाचं आयुष्य गुडघ्याला सुरक्षित असेलही, बाकीच्या शरीराला ते फार महागात पडतं, आणि सुटलेलं पोट शेवटी त्याच गुडघ्यावर येऊन बसतं. तसंही पुष्कळ लोक परत जातच नाहीत. २०१४ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला हिशेब असा की, ऑपरेशननंतर ८१ टक्के कुठल्या तरी खेळात परतले, ६५ टक्के आधीच्या पातळीवर, आणि स्पर्धात्मक खेळात जेमतेम ५५ टक्के. न परतणाऱ्यांतल्या अनेकांचा गुडघा ठीक असतो, भीती तेवढी गेलेली नसते. चौथा पेपर त्याचसाठी आहे. शिवाय प्रत्येक तुटलेल्या एसीएलला ऑपरेशन लागतंच असंही नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुणांवर झालेल्या आणि २०१० साली छापलेल्या चाचणीत अर्ध्या लोकांना लगेच ऑपरेशन, आणि उरलेल्यांना आधी व्यायाम, मग गरज पडली तर ऑपरेशन, असं वाटून दिलं. दोन वर्षांनी दोन्ही गटांचे गुडघे सारख्याच अवस्थेत होते, आणि दुसऱ्या गटातल्या बहुसंख्यांना ऑपरेशन लागलंच नव्हतं. पाच वर्षांनीही जवळपास निम्मे त्याविना होते. कुणाला लागतं आणि कुणाला नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं, पण व्यायाम दोघांनाही लागतो. त्यातून सुटका होण्याचा मार्ग कुठल्याही देशात अजून सापडलेला नाही.

सापडल्याचे दावे मात्र भरपूर आहेत. मेडिकल दुकानातली स्किन कलरची नी-कॅप हा त्यातला सगळ्यात लोकप्रिय. ती चढवली की माणसाच्या चालण्यात एकदम बळ येतं; ते गुडघ्यात येत नाही. एकदा ऑपरेशन झालेला गुडघा पट्टा बांधल्यानं दुसऱ्या दुखापतीपासून वाचतो, याला भक्कम पुरावा नाही. नी-कॅपचा खरा उपयोग समोरच्या संघाला आपला डावा गुडघा कच्चा आहे हे दुरून कळवण्यापुरता. तेलानं मालिश करून घेणाऱ्याला बरं वाटतं, आणि बरं वाटण्यावर माझा आक्षेप नाही. पण हाडातल्या बोगद्यात बसलेल्या रज्जूपर्यंत तिळाचं तेल पोचत नाही. एमआरआय पुन्हा काढून 'रिपोर्ट क्लिअर आहे' असं सांगणारेही भेटतात. एमआरआय झोपवून काढतात. झोपलेला गुडघा कसा आहे हे त्यातून कळतं, चढाई करणारा कसा आहे हे कळत नाही.

आणि पास झाल्यावरसुद्धा थेट सामना नाही. आधी सरळ पळणं, मग वळणं, मग एकट्यानं खेळाचा सराव, मग संघाबरोबर पण अंगाला अंग न लावता, मग पूर्ण सराव, आणि त्यानंतर सामना, तोही आधी अर्धा. फुटबॉलच्या जागतिक महासंघानं तयार करून घेतलेला वीस मिनिटांचा वॉर्मअप आहे, '११ प्लस' नावाचा. धावणं, तोल, ताकद आणि नीट उतरण्याचा सराव असं त्याचं स्वरूप, आणि तो नियमित करणाऱ्या संघांत दुखापती सुमारे तीस टक्क्यांनी किंवा त्याहूनही जास्त घटल्याचं आढळलं आहे. आपल्या टर्फवरचा वॉर्मअप दोन मिनिटांचा: हात दोनदा गोल फिरवायचे, एका पायावर उभं राहून दुसरा पाय मागून धरायचा, आणि तो धरलेला असतानाच ग्रुप फोटो काढायचा. टर्फ तासावर घेतलेलं असतं, तेव्हा वीस मिनिटं व्यायामात घालवणं म्हणजे भाड्यातले एक तृतीयांश पैसे पाण्यात, असा हिशेब असतो. ऑपरेशनचं बिल आलं तेव्हा हा हिशेब करणारा माणूस कुठे होता, कोण जाणे.

तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर बसलात की 'कधी खेळू' हा प्रश्न विचारू नका. 'खेळण्याआधी मला काय काय करता आलं पाहिजे' हे विचारा आणि उत्तर कागदावर लिहून घ्या, कारण कानावर भरवसा ठेवून काय होतं ते वर सांगितलंच आहे. तो कागद फिजिओकडे न्या, दुसऱ्या पायाची ताकदही मोजून घ्या, आणि उड्या त्यांच्या समोरच मारा, गच्चीवर एकट्यानं नको. आकडा नव्वदच्या खाली आला तर त्या शनिवारी स्कोअर लिहायला बसा. प्रत्येक संघाला त्या कामासाठी माणूस हवाच असतो.